विश्लेषण : गाव एक, पाऊस एक, मग माथ्यावरचे सोयाबीन वाळते आणि पायथ्याचे सडते, असे का?

ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभर सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. राज्यातही ऐन फुलोऱ्याच्या आणि शेंगा धरण्याच्या काळात पावसाने दडी मारली. पुढे ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या खंडात माळावरचे सोयाबीन करपत असताना, त्याच शिवारात ओढ्याकाठच्या काळ्या रानातले पीक तग धरून होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात उलटे घडले. सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांनी पात्र सोडले. सखल रानांत दिवसेंदिवस पाणी साचून राहिले, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. माळावरच्या हलक्या रानातून मात्र पाणी वाहून गेले आणि तेथे निदान काढणी तरी करता आली.

गावावर पडणारा पाऊस सारखा, बियाणे बाजारातून आलेले एकच, खताची गोणीही तीच. तरीही उतारा चौपट कमी-जास्त. शेतकऱ्याला याचे कारण ठाऊक असते : हलके रान आणि भारी रान. पण हा फरक नेमका कशामुळे पडतो, आणि मृदा आरोग्यपत्रिकेत किंवा पीक विम्याच्या हिशेबात तो दिसतो का?

एकाच खडकापासून दोन प्रकारची माती कशी?

महाराष्ट्राचा मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. खालचा खडक म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. बालाघाटच्या माथ्यावर काय आणि मांजरेच्या खोऱ्यात काय, मूळ खडक एकच. माती मात्र पावलागणिक बदलते. माथ्यावर वीतभर तांबूस-करड्या मातीखाली लगेच मुरूम लागतो. उतारावर हातभर खोलीची तपकिरी, मध्यम जमीन असते. पायथ्याला आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल गेले तरी काळीच माती निघते.

हे घडवून आणतो उतार. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात. त्यातले सर्वांत बारीक कण, म्हणजे चिकणमातीचे आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे, पाण्याबरोबर आधी वाहतात. जाड वाळू, खडे आणि मुरूम जागच्या जागी राहतात. माथ्यावर खडकाची झीज होऊन जेवढी माती तयार होते, तेवढी किंवा त्याहून जास्त खाली निघून जाते, म्हणून तेथे माती कधी खोल होतच नाही. पायथ्याला याच्या उलट स्थिती : वरून आलेले सगळे तेथे साचते.

पाण्याबरोबर केवळ कण येत नाहीत. खडक झिजताना सुटणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून खाली उतरते. पायथ्याच्या जमिनीत ते साठते आणि चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने दिसते. तेथे तयार होणारी चिकणमाती फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीची असते. म्हणून काळे रान पावसाळ्यात फुगून घट्ट होते आणि उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

माथ्यापासून पायथ्यापर्यंतची ही मातीची रांग जगभर आढळते. पूर्व आफ्रिकेत काम करणारे ब्रिटिश मृदाशास्त्रज्ञ जॉफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये तिला 'कॅटेना' हे नाव दिले. लॅटिनमध्ये याचा अर्थ साखळी. सुटी सुटी माती न पाहता टेकडीपासून दरीपर्यंतच्या कड्या एकत्र पाहायच्या, कारण वरच्या कडीतून जे जाते तेच खालच्या कडीत येते, हा त्यामागचा विचार.

नियमाला अपवाद आहेतच. रुंद, सपाट पठाराच्या माथ्यावर पाणी वाहून जात नाही, तेथे खोलगटात चांगली काळी जमीन सापडते. उलट ओढ्याच्या वळणावर, जेथे प्रवाह आदळतो, तेथे पायथ्यालाही गोटे उघडे पडलेले असतात. त्यामुळे समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून उपयोग नाही. पाणी शेतातून निघून जाते, पुढे सरकते की थांबते, हे पाहावे लागते.

उताऱ्यातला फरक खताचा की पाण्याचा?

माथ्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब कमी आणि त्यामुळे नत्रही कमी, हे खरे. पण कोरडवाहू शेतीत निर्णायक ठरते ती मातीची खोली. कारण ओलित नसलेल्या शेतात माती हीच पाण्याची टाकी असते, आणि टाकी केवढी हे खोली ठरवते.

हिशेब सोपा आहे. वीतभर, म्हणजे साधारण २२ सेंटीमीटर खोलीची हलकी जमीन पूर्ण भिजली तरी पिकाला उपयोगी पडेल असे पाणी ३० ते ३५ मिलिमीटर एवढेच धरते. मीटरभर खोल काळी जमीन १५० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक धरते. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना सोयाबीनला दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे शेवटचा चांगला पाऊस झाल्यावर माथ्यावरची टाकी आठवडाभरात रिकामी होते. पायथ्याची महिनाभर पुरते.

आता २१ दिवसांचा खंड पडला असे धरू. पायथ्याच्या पिकाला तो जाणवतो, पण मारत नाही. माथ्यावरच्या पिकाला त्यातले दोन आठवडे कोरडेच काढावे लागतात. फुले गळतात, शेंगा पोचट राहतात. नंतर पाऊस आला तरी गेलेला फुलोरा परत येत नाही. पावसाच्या वार्षिक आकड्यात या दोन आठवड्यांचा मागमूसही नसतो. गावाने सरासरी गाठलेली असते.

यात आणखी एक भर आहे. उतारावर पडलेला सगळा पाऊस तेथे मुरत नाही. जोराच्या सरीत बरेच पाणी वाहून खालच्या शेतात जाते. म्हणजे वरच्या शेताला प्रत्यक्षात गावाच्या पावसापेक्षा कमी पाऊस मिळतो आणि खालच्याला जास्त. पर्जन्यमापक दोघांसाठी एकच आकडा दाखवतो. विहिरींचेही तसेच : ओढ्याकाठच्या विहिरीत जे पाणी लागते त्यातला मोठा भाग वरच्या शिवारात मुरलेला असतो.

खरा आर्थिक फरक मात्र खरिपानंतर पडतो. सोयाबीन निघाल्यावर काळ्या रानात खालच्या थरात ओल शिल्लक असते. त्या ओलीवर हरभरा किंवा रब्बी ज्वारी येते, एकही पाणी न देता. माथ्यावरचे रान दसऱ्यानंतर उलटून पडते ते थेट पुढच्या मृगापर्यंत. म्हणजे एकाला वर्षात दोन पिके, दुसऱ्याला एक आणि तेही बेभरवशाचे. दोघांच्या सातबाऱ्यावर एकरांचा आकडा सारखाच असला तरी दोघांची शेती सारखी नसते.

म्हणजे पायथ्याची जमीन नेहमीच चांगली?

नाही, आणि २०२५ ने ते दाखवून दिले. जी चिकणमाती पाणी धरून ठेवते, तीच पाणी सोडत नाही. एकदा फुगली की तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपते. संततधार लागली की वरच्या हलक्या रानात दोन दिवसांत वापसा येतो, कोळपे चालते. काळ्या रानात आठवडा-पंधरवडा पाय घालता येत नाही. तण वाढते, फवारणी राहते, मुळांना हवा मिळत नाही. तुरीची मर, मूळकूज हे रोग अशा चिबडलेल्या जागी आधी दिसतात.

पिवळ्या पानाचे उदाहरण येथे बोलके आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळे पडले की बहुतेक जण एकच उपाय करतात : युरिया किंवा दुकानदार देईल ती बाटली. माथ्यावरचे पिवळेपण बऱ्याचदा नत्राच्या आणि ओलीच्या कमतरतेचे असते, ते खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. पायथ्याच्या चुनखडीयुक्त, पाणी साचलेल्या रानात शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तेथे लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे आणि गुदमरलेल्या मुळांमुळे पिकाला मिळत नाही. आधी चर काढून पाणी काढायचे, मग गरज पडली तर लोहाची फवारणी करायची. युरियाने तेथे काही होत नाही. लक्षण वरवर सारखे असले, तरी कारण शेत उतारावर कोठे आहे त्यावर ठरते.

अगदी तळाशी गेल्यावर काय होऊ शकते याचे राज्यातले ठळक उदाहरण म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा. माती खोल काळी, दिसायला उत्तम. पण खालच्या थरांत सोडियम जास्त, निचरा जवळजवळ नाही, विहिरीचे पाणी खारट. खोल माती असूनही मुळांना तिचा पुरता उपयोग होत नाही.

याच पट्ट्यात नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी एक वेगळी गोष्ट दाखवली. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या या भागातही किंचित उंचवटे आणि किंचित खोलगट जागा आहेत. सोडियमयुक्त, बिघडलेली माती त्या उंचवट्यांवर आढळली. खोलगटातली तुलनेने चांगली निघाली. कारण पाणीच. खोलगट जागी पाऊस जास्त मुरतो आणि क्षार खाली धुऊन नेतो. उंचवट्यावर तो मुरतच नाही, चुनखडी बनत जाते, कॅल्शियम त्यात अडकते आणि सोडियमचे प्रमाण वाढते. लांबून सपाट वाटणाऱ्या शेतातही एका कोपऱ्यात कापूस डोक्याएवढा आणि दुसऱ्यात गुडघ्याएवढा का, याचे उत्तर काही वेळा या फूट-दोन फुटांच्या चढउतारात असते.

हे सरकारला ठाऊक नव्हते का?

चांगलेच ठाऊक होते, आणि तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वी. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताने जमिनीची नवी मोजणी सुरू केली. १८४७ मध्ये तिचे नियम पक्के झाले. त्यातली प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्याची पद्धत, आजही थक्क करते. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातात मोजायची. काळी की तांबडी की त्याहून हलकी, हे पाहायचे. सर्वांत उत्तम जमिनीला १६ आणे धरून खाली दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती होत्या. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्याची. खोली घटली की आणे घटत.

त्याशिवाय दोषांची यादी होती. खडे किंवा चुनखडी, वाळू, उतार, वाहत्या पाण्याने खरडले जाण्याचा धोका, पाणी साचणे, अशा दोषांसाठी प्रत खाली आणली जाई. म्हणजे शेत उतारावर कोठे आहे, हा मुद्दा सारा ठरवताना थेट मोजला जात होता. हेतू अर्थातच शेतकऱ्याच्या भल्याचा नव्हता, सारा वसूल करण्याचा होता. पण घ्यायचे असताना सरकारने प्रत्येक शेतात खणून पाहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याआधीही गावगाड्याला ही समज होतीच. कसायची जमीन ती 'काळी' आणि घरे बांधायची जागा ती 'पांढरी', हे शब्द जुन्या कागदपत्रांत गावाच्या दोन अंगांसाठी सर्रास येतात.

आजच्या मृदा आरोग्यपत्रिकेत काय आहे? फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टी तपासल्या जातात. नमुना घेतात तो वरच्या थरातला. जमिनीची खोली या बारांत नाही. योजनेच्या रचनेनुसार बागायत क्षेत्रात दर अडीच हेक्टरमागे एक, तर कोरडवाहू क्षेत्रात दर १० हेक्टरमागे एक नमुना घ्यायचा होता. दहा हेक्टर म्हणजे २५ एकर. लहरी भूभागात एवढ्या टप्प्यात माळही येतो आणि ओढाकाठही. जेथे माती सर्वांत जास्त बदलते, तेथेच नमुने सर्वांत विरळ, अशी ही रचना आहे.

काही ठिकाणी सुधारणा झाली. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून १५ जिल्ह्यांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचे गणित तयार केले. त्यात पावसाबरोबर मातीचा प्रकार, तिची खोली आणि उतार धरला जातो. ताळेबंद गावाचा असला तरी आतला हिशेब जमिनीगणिक होतो.

माथ्याची जमीन कोणाच्या वाट्याला येते?

याचे सरसकट उत्तर देता येत नाही. पण मराठवाड्यातला एक धागा स्पष्ट आहे. गावाची गायराने प्रामुख्याने पेरणीला नको असलेल्या मुरमाड माळांवर होती. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानंतर आणि त्याआधीपासूनही, दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी ही गायराने कसायला घेतली. जमीन मिळाली, पण वीतभर मातीची. पुष्कळांच्या नावावर ती आजही झालेली नाही. दुष्काळात सर्वांत आधी वाळणारे रान त्यांचे, आणि कागद नसल्याने भरपाईच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे राहणारेही तेच.

पीक विम्यात हा फरक दिसतो का?

येथे प्रश्न सर्वांत टोकदार होतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसान प्रत्येक शेताचे मोजत नाहीत, क्षेत्राचे मोजतात. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी ते क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ. मंडळात एका पिकासाठी किमान दहा पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी ती मंडळाची उत्पादकता ठरते. ती उंबरठा उत्पादनापेक्षा कमी असेल तर मंडळातल्या सर्व विमाधारकांना सारख्या टक्क्याने भरपाई. जास्त असेल तर कोणालाच नाही.

एक काल्पनिक मंडळ घेऊ. उंबरठा उत्पादन हेक्टरी नऊ क्विंटल. खंड पडलेल्या वर्षी माथ्यावर चार, मध्यावर नऊ आणि पायथ्याला सोळा क्विंटल सोयाबीन झाले. दहा प्रयोगांपैकी तीन माथ्यावर, चार मध्यावर, तीन पायथ्याला पडले, तर सरासरी निघते ९.६ क्विंटल. उंबरठा पार. माथ्यावरच्या शेतकऱ्याचे निम्म्याहून जास्त पीक गेले तरी त्याच्या खात्यावर शून्य.

आता याच मंडळात चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या आणि एक प्रयोग पायथ्याऐवजी माथ्यावर गेला, असे समजा. सरासरी ८.४ वर येते. तूट सुमारे पावणेसात टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर प्रत्येकाला साधारण ३,३०० रुपये मिळतात, सोळा क्विंटल पिकवणाऱ्यालाही. दहापैकी एक प्रयोग वर गेला की खाली राहिला, एवढ्यावर मंडळाचा निकाल फिरतो.

ही रचना अगदीच चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. शेतागणिक पंचनामे करायचे तर खर्च, वेळ आणि गैरप्रकार तिन्ही वाढतात. पण पूर्वी या सरासरीला काही टेकू होते. हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसाठी वेगळी भरपाई मिळत असे. खरीप २०२५ पासून राज्याने एक रुपयातली विमा योजना बंद केली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के झाला आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आणली. त्यामुळे दहा प्रयोग उतारावर कोठे पडतात याचे वजन आता पहिल्यापेक्षा जास्त आहे. मंडळातील हलकी, मध्यम आणि भारी जमीन किती याचा नकाशा घेऊन त्या प्रमाणात प्रयोग वाटणे अशक्य नाही. माथ्याची तूट त्यानेही पूर्ण दिसणार नाही, मात्र निकाल चिठ्ठीवर कमी अवलंबून राहील.

शेतकऱ्याला स्वतः काय करता येते?

पहिले काम फुकटचे आहे. उन्हाळ्यात नांगरटीआधी शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात पहारीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहायचे. मातीचा नमुनाही या तीन भागांचा वेगवेगळा द्यायचा. सगळी माती एका पिशवीत कालवली की येणारा अहवाल शेतातल्या कोणत्याच भागाचा नसतो.

पीक खोलीनुसार निवडावे, हे कृषी विद्यापीठांच्या कोरडवाहू शिफारशींत फार पूर्वीपासून आहे. अगदी उथळ जागी गवत. वीतभर मातीत हुलगा, मटकी किंवा सीताफळासारखी काटक फळझाडे. दीड फुटापर्यंत बाजरी, तूर, सूर्यफूल. त्याहून खोल जमिनीत सलग खरीप किंवा खरिपानंतर रब्बी. ही शिफारस कागदावर राहिली कारण बाजाराने तिला उलटे ढकलले. सोयाबीनला हमीभाव आहे, व्यापारी आहे, विमा आहे. हुलग्याला यातले फारसे काही नाही. त्यामुळे माळावरही सोयाबीनच पेरले जाते आणि दर तीन-चार वर्षांनी खंडात सापडते. तेथे सोयाबीन पेरायचेच असेल तर निदान लवकर येणारे वाण आणि मध्ये तुरीच्या ओळी, एवढी काळजी घेता येते.

मध्यम आणि भारी रानात रुंद वरंबा-सरी पद्धतीचा फायदा दोन्ही बाजूंनी होतो. पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा, कमी झाला तर सरीत मुरवण. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटने १९७६ पासून काळ्या जमिनीवर चालवलेल्या दीर्घ प्रयोगात रुंद वरंबे, सुधारित वाण आणि आंतरपीक यांच्या एकत्रित पद्धतीने हेक्टरी वर्षाला सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य दिले. पारंपरिक पद्धतीचे होते सुमारे एक टन. वाहून जाणारी मातीही साडेसहा टनांवरून दीड टनाच्या आसपास आली.

सार्वजनिक कामांत 'माथा ते पायथा' हा शब्दप्रयोग हिवरेबाजार-राळेगणसिद्धीपासून सर्वांच्या तोंडी आहे. आधी डोंगरावर चर आणि झाडे, मग उतारावर बांध, शेवटी नाल्यात बंधारे. जलयुक्त शिवार अभियानावर झालेल्या टीकेचा एक मुख्य मुद्दा हाच होता की यंत्रे सोयीने नाल्यात उतरली आणि माथा तसाच राहिला. नाला खोल केल्याचा फायदा ज्याचे शेत नाल्याकाठी त्याला.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उताराला आडवी मशागत आणि आडवी पेरणी. प्रत्येक तास छोटा बांध होतो आणि पाणी थबकते. मग सगळे हे का करत नाहीत? पुष्कळ गावांत याचे उत्तर वाटणीत आहे. भावाभावांत अन्याय नको म्हणून रानाच्या उभ्या पट्ट्या पाडल्या जातात, माळापासून ओढ्यापर्यंत, म्हणजे प्रत्येकाला थोडे हलके आणि थोडे भारी मिळेल. वाटणी न्यायाची झाली, पण पट्टी वीस-पंचवीस हात रुंद आणि फर्लांगभर लांब. तीत ट्रॅक्टर आडवा वळत नाही, म्हणून पेरणी उभी होते आणि प्रत्येक तासातून पाणी सरळ ओढ्याकडे धावते. आडवी पेरायची तर चारही पट्ट्या एका दिवशी, एका यंत्राने, मधले धुरे ओलांडून पेराव्या लागतात. बैलांच्या काळात सावड होती तेव्हा हे जमत असे. आता भाडे कोणी किती द्यायचे आणि कोणाच्या पट्टीत किती बी पडले, यावरच बोलणे अडते.